हुजुराचा तगादा, महालाचा वसूल

राजपुरीच्या खाडीवर, समोरच्या काठाला दिघी आणि खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा कोट, अशा ठिकाणी वसलेल्या आगरदांड्यासारख्या गावात पूर्वी ‘पाळी गेली’ एवढ्या दोन शब्दांत जी गोष्ट आटोपत असे, ती अलीकडे छापील अहवालावर येऊ लागली आहे. मुरुडास किंवा अलिबागेस रक्त द्यावे, नमुना पुढे एखाद्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जावा, आणि एक-दोन दिवसांनी मोबाइलवर उतरलेल्या कागदात एफएसएच या अक्षरांपुढे एक आकडा दिसावा, की लग्नाला चार वर्षे होऊनही पाळणा न हललेली सून, पंचेचाळिशीत अंगातून वाफा निघू लागलेली तिची सासू आणि डॉक्टरांनी नाइलाजाने बोलावून घेतलेला त्या सुनेचा नवरा, अशी तिघेही त्या आकड्याकडे पास की नापास एवढ्याच नजरेने पाहतात.

वस्तुतः एकट्या आकड्याला येथे अर्थ नसतो. रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमागे बारा मिलि-एकके, हा एकच आकडा घ्यावा. अठ्ठावीस वर्षांच्या सुनेला तो पाळीच्या दुसऱ्या दिवशी आला असेल, तर बीजांचा साठा वयाच्या मानाने उतरू लागल्याची शंका घ्यावी लागते. तिलाच तो चौदाव्या दिवसाच्या सुमारास आला असेल, तर त्यात वावगे काहीच नाही. नवऱ्याला आला तर तो निरोगी मर्यादेच्या अगदी काठावर आहे. सासूला आला तर त्यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. आणि घरातल्या सहा वर्षांच्या मुलीला आला, तर मात्र विलंब न लावता बालरोगतज्ज्ञांची गाठ घ्यावी. वय, लिंग, पाळीचा दिवस आणि सोबतची इतर संप्रेरके यांच्यावाचून एफएसएच वाचणे म्हणजे अर्धा कागद फाडून उरलेल्या अर्ध्यावरून खटल्याचा निकाल देणे होय.

या संप्रेरकाचे शास्त्रीय नाव पुटकोद्दीपक संप्रेरक. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी जी पिच्युइटरी ऊर्फ पोष ग्रंथी आहे, तिच्या पुढच्या भागात ते तयार होते; स्त्रीच्या बीजांडकोशातील पुटके वाढवणे आणि पुरुषाच्या वृषणातील शुक्रजंतूंच्या निर्मितीला आधार देणे हे त्याचे काम. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत या किनाऱ्याने जी व्यवस्था पाहिली, तिच्या भाषेत सांगायचे तर पोष ग्रंथी हा हुजूर आणि बीजांडकोश किंवा वृषण हा महाल. हुजुरातून तगाद्याचा कागद सुटतो, तो एफएसएच; महालातून वसूल पोहोचतो, तो इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन या दोन द्रव्यांच्या रूपाने. वसूल वेळेवर व पुरा आला की तगादा सौम्य होतो, वसूल तुटला की ताकिदीवर ताकीद सुटते. यास्तव वाढलेला एफएसएच हा स्वतः रोग नसून महालात काहीतरी आटल्याची बातमी आहे, आणि हुजूर मुळात मुकाच असेल तर महाल ओस असूनही एकही तगादा सुटत नाही, हेही त्याबरोबरच ध्यानात ठेवावे लागते. हुजुराच्याही वर एक सत्ता आहे. हायपोथॅलॅमस नामक मेंदूच्या भागातून ठरावीक अंतराने, पाळीच्या पूर्वार्धात साधारण तासा-दीड तासाने आणि उत्तरार्धात कित्येक तासांनी, एका सूक्ष्म द्रव्याचे ठोके पडतात. ते ठोके संथ असले की एफएसएचला आणि जलद असले की त्याच्या जोडीच्या एलएच या संप्रेरकाला झुकते माप मिळते.

हे ज्ञान फार जुने नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले ते १९२७ साली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये बर्नहार्ट झोंडेक आणि झेल्मार आशहाइम हे दोघे आणि अमेरिकेत फिलिप स्मिथ हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवीत होते, की प्रजननग्रंथींची सूत्रे मेंदूखालच्या या इवल्याशा ग्रंथीच्या हातात आहेत. १९३१ साली फेवोल्ड, हिसॉ आणि लेनर्ड यांनी तिच्या अर्कातून एफएसएच आणि एलएच ही दोन द्रव्ये वेगळी काढली. झोंडेक ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत १९३३ साली त्यांची नोकरी गेली आणि ते पुढे जेरुसलेमला स्थायिक झाले. ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रात हे संप्रेरक विपुल उतरते, या माहितीचा उपयोग करून इटलीतील पिएरो दोनिनी यांनी १९४९ साली त्याचा शुद्ध अर्क काढला. औषध बनवण्यासाठी लागणारे मूत्र वृद्ध जोगिणींच्या मठांतून गोळा होऊ लागले, आणि त्या औषधावर जन्मलेले पहिले मूल १९६२ साली इस्रायलात, ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या प्रयत्नांतून जगात आले. आपल्या नवगाव-रेवदंड्याकडची शनवार तेली म्हणवणाऱ्या ज्यूंची कित्येक कुटुंबे त्याच काळात त्या देशी जाऊन वसली होती, हा योगायोग या किनाऱ्यावरच्या माणसाला नोंदवावासा वाटला तर त्यास क्षमा असावी. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या म्हाताऱ्या बायांच्या शरीरातले तगाद्याचे कागद दुसऱ्या खंडातील वांझ म्हणवल्या गेलेल्या बायकांच्या कामी यावेत, यातील विलक्षणपणा मला शास्त्राहून कमी मोलाचा वाटत नाही.

मोजणीची गोष्ट त्याहून निराळी. आरंभी दिवसभराचे मूत्र साठवून त्याचा अर्क उंदराच्या मादीला टोचावा आणि तिचे गर्भाशय किती वजनाने वाढले त्यावरून अंदाज बांधावा, एवढीच सोय होती. रॉझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने रक्तातील संप्रेरके मोजण्याची रीत काढली, तेव्हा कुठे थेंबभर रक्तावर भागू लागले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात यॅलोबाईंच्या सोबत हायपोथॅलॅमसच्या द्रव्यांचा छडा लावणारे गिलमँ आणि शॅली असावेत, हे न्याय्यच झाले. एफएसएचचे रेणू दोन तुकड्यांचे असतात. पैकी ब्याण्णव अमिनो आम्लांचा एक तुकडा एलएच, थायरॉइडला चेतवणारे संप्रेरक आणि गर्भारपणीचे एचसीजी या तिन्हींत तोच असतो, म्हणून चाचणीला एफएसएचचा स्वतःचा, एकशे अकरा आम्लांचा दुसरा तुकडा ओळखावा लागतो. निरनिराळ्या कंपन्यांचे संच तो थोडा थोडा निराळा ओळखतात. तेव्हा एका प्रयोगशाळेचा आठ आणि दुसरीचा नऊ यांवरून साठा घटला असे म्हणत बसू नये.

वसुलाच्या दुसऱ्या द्रव्याचा, इन्हिबिनचा, शोध घेणाऱ्यांत आपल्या परळची संस्था होती. आज राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने चालणाऱ्या, त्या काळी प्रजनन संशोधन संस्था म्हणवणाऱ्या या आस्थापनेतील डॉ. अनिल शेठ आणि त्यांचे सहकारी यांनी पुरुषाच्या वीर्यद्रवातून एफएसएचला आवर घालणारे एक प्रथिन वेगळे काढले, आणि १९८४ साली कॅनडातील शास्त्रज्ञांच्या सोबतीने त्याची रचना प्रसिद्ध केली. हे प्रथिन वृषणातले खरे इन्हिबिन नसून प्रोस्टेट ग्रंथीचे आहे, हे पुढे निष्पन्न झाले, आणि खऱ्या इन्हिबिनची रचना इतरत्र लागली. विज्ञानाच्या इतिहासात अशा पायऱ्या जमेच्या रकान्यातच मांडाव्यात, असे माझे मत आहे.

आता आयुष्याच्या क्रमाने पाहू. तगाद्याचा आरंभ जन्मानंतर होतो असा समज असेल तर तो सोडावा. गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या आगेमागे एफएसएच एकदा बराच चढतो, आणि मुलीच्या गर्भात मुलाच्या गर्भाहून अधिक. त्याच काळात मुलीच्या बीजांडकोशात साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि त्यांतली प्रत्यक्ष बाहेर पडतात ती उण्यापुऱ्या चार-पाचशे. एवढी उधळपट्टी कोणत्याही दफ्तरी मंजूर झाली नसती. जन्मानंतर आईची संप्रेरके अर्भकाच्या रक्तातून ओसरताच पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा एक चढ येतो. मुलांत तो सहा महिन्यांत शमतो, मुलींत एफएसएच कधी दोन-तीन वर्षांपर्यंतही किंचित वर राहतो. काही तान्ह्या मुलींच्या छातीला थोडी सूज दिसते, तिचे मूळ अनेकदा येथेच असते, आणि ती दाबून ‘दूध काढण्याचा’ जुना प्रघात बंद व्हावा हे इष्ट.

त्यानंतर शैशवाची शांतता. पाच-सात वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या रक्तात एफएसएच तीन-चार एककांच्या खाली असतो, तो महालाने भरपूर वसूल दिला म्हणून नव्हे, तर मेंदूनेच ठोके आवरून धरले म्हणून. वयात येण्याची पहिली चाहूल रात्री लागते. झोपेत ठोके पडू लागतात, दिवसा मात्र सारे सामसूम असते, म्हणून दिवसाच्या एका नमुन्यावर निदान ठरत नाही. आठ वर्षांच्या आत मुलीची छाती वाढू लागली, तर तज्ज्ञ उत्तेजक इंजेक्शन देऊन विशेषतः एलएचचा प्रतिसाद पाहतात. उलट तेरा वर्षांपर्यंत मुलीत किंवा चौदापर्यंत मुलात कोणतीच खूण दिसली नाही, तर एफएसएच हाच वाटेवरचा पहिला फाटा होतो. उंच आकडा म्हणजे महालाचा दोष: मुलीत टर्नर विकृती, जी दर अडीच हजार मुलींत साधारण एकीला असते, मुलात क्लाइनफेल्टर. खालचा आकडा म्हणजे हुजुराचा दोष, किंवा केवळ घराण्यातला उशीर. यातच एक चमत्कारिक प्रकार असा, की मुलाला वासच येत नाही आणि तो वयातही येत नाही. कालमन विकृती म्हणतात ती हीच. गर्भावस्थेत वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेनेच ठोके देणाऱ्या पेशी मेंदूत स्थलांतर करीत असतात आणि ती वाटच चुकलेली असते. सुकट भाजताना ज्या मुलाला काहीच जाणवत नाही, त्याच्याबद्दल कोकणातल्या आईला शंका यायला फार वेळ लागू नये.

प्रजननक्षम वयात प्रश्न खरा गुंतागुंतीचा होतो, कारण येथे आकडा महिन्यागणिक नव्हे तर दिवसागणिक हलतो. पाळी येण्याच्या जरा अगोदर मागल्या चक्राचा वसूल तुटतो, तसा एफएसएच चढतो आणि पुटकांची एक तुकडी वाढीला लागते. तुकडी वाढते तसे इस्ट्रोजेन व इन्हिबिन येऊ लागतात, एफएसएच पुन्हा उतरतो, आणि उतरत्या पुरवठ्यावरही तग धरणारे एकच पुटक पुढे जाते; बाकीची गळतात. दर महिन्याला जुळी-तिळी होत नाहीत, याचे श्रेय एफएसएचच्या या नेमक्या चढ-उताराला आहे. वंध्यत्वाच्या उपचारात इंजेक्शनांनी तो चढ लांबवला की अनेक पुटके एकदम का वाढतात, हेही त्यातूनच उलगडते. बीज बाहेर पडण्याच्या वेळी एलएचच्या मोठ्या लाटेसोबत एफएसएचही एकदा उसळतो आणि उत्तरार्धात खाली जातो. म्हणून चाचणी पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी करावयाची. त्या दिवशी तीन ते दहाच्या दरम्यानचा आकडा बहुधा समाधानाचा मानतात.

बहुधा, असे म्हटले ते जाणून. त्याच नमुन्यात इस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन पाहिलेले नसेल तर समाधान फसवे ठरू शकते. बीजांचा साठा घटलेल्या स्त्रीत कधी कधी पुटक लवकर वाढून इस्ट्रोजेन अवेळी चढते आणि उंच एफएसएचला दाबून सात-आठवर आणून ठेवते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खालीच येणार. केस गळतात म्हणून मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्यांच्या रक्तात काही यंत्रे एफएसएच खोटाच कमी दाखवतात; चाचणीपूर्वी ती गोळी बंद करण्याविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे. पीसीओएस असलेल्या मुलींत एफएसएच सामान्य वा थोडा खाली असतो आणि एलएच त्यामानाने वर. तरी त्या गुणोत्तरावरच निदान करण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. शिवाय एफएसएच हे साठ्याचे उशिरा मिळणारे वर्तमान आहे. एएमएच ही चाचणी आणि सोनोग्राफीत मोजलेली लहान पुटके त्याहून आधी बोलतात, मात्र त्यांनीही बीजांची संख्या कळते, गुण कळत नाही. गुण मुख्यतः वयाने ठरतो.

पुरुषांच्या बाबतीत गणित सोपे आणि वागणे अवघड. प्रौढ पुरुषात एफएसएच साधारण दीड ते बारा एककांत असतो आणि महिनाभर फारसा हलत नाही, तेव्हा रक्त कोणत्याही दिवशी चालते. वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतील आणि एफएसएच चढलेला असेल, तर वृषणातील निर्मितीच खुंटलेली असण्याचा संभव मोठा. कारण उपजत असेल, किंवा मोठेपणी झालेल्या गालगुंडाच्या आजारात वृषण सुजले असतील. शुक्रजंतू नाहीत आणि एफएसएच मात्र सामान्य, तर वाट कुठे तरी अडलेली असावी, आणि अडलेली वाट पुष्कळदा शस्त्रक्रियेने मोकळी होते. म्हणजे एका तपासणीवरून दोन अगदी निराळे मार्ग फुटतात. तरीही आपल्याकडे सुनेच्या तीन-चार तपासण्या, नवस आणि मंतरलेले दोरे होऊन गेल्यावर मुलाचे वीर्य तपासण्याचा विषय निघतो, आणि तोही दबक्या आवाजात. स्वस्त, निर्धोक आणि निर्णायक तपासणी अगोदर करावी, हा व्यवहार बाजारहाटात पक्का असणारी माणसे येथेच कशी विसरतात, हे कोडे आहे.

कृत्रिम गर्भधारणेचा आपल्याकडचा इतिहासही या संप्रेरकाशी बांधलेला आहे. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून काढलेले औषध देऊन बीजे वाढवली, आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयोगातून मूल जन्मले. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपवले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून, परळच्या त्याच संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या साहाय्याने जे मूल जन्मले, ते शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले देशातील पहिले ठरले. पुढे मुखर्जींची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे, हे १९९७ साली जाहीरपणे लिहिणारे गृहस्थ आनंदकुमारच होते. स्वतःच्या नावावर लागलेला मान असा खाडाखोड करून दुसऱ्याच्या नावे चढवणारा मनुष्य विरळा. ज्यांचे बीजांडकोश अकालीच थकले आहेत, अशा उंच एफएसएचच्या स्त्रियांसाठी दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरण्याचा मार्गही डॉ. हिंदुजांनी १९९१ पर्यंत आपल्याकडे यशस्वी करून दाखवला. आता २०२१ च्या कायद्याने असे उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय एकवीस ते पन्नास आणि बीजदात्रीचे तेवीस ते पस्तीस असे बांधून दिले आहे.

चाळिशीनंतरच्या उताराविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत. पाळी अजून नियमित असतानाच इन्हिबिनचा वसूल घटू लागतो आणि पाळीच्या आरंभीचा एफएसएच हळूहळू चढतो. पुढे काही वर्षे त्याची स्थिती अशी असते, की या महिन्यात तीस, पुढल्यात नऊ, पुन्हा चाळीस. कारण थकलेला बीजांडकोश मधूनच जोमाने काम करून जातो. म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१५ साली स्पष्ट सांगितले, की पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला वाफा, घाम आणि लांबलेली पाळी ही लक्षणे असतील तर ऋतुनिवृत्ती ओळखण्यासाठी एफएसएच मोजूच नये. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य स्त्रीची एक्कावन्नच्या. तेव्हा हा सल्ला आपल्याला अधिकच लागू. पैशाखेरीज दुसराही तोटा आहे: एका उंच आकड्यावर ‘आता काही होत नाही’ असे समजून निर्धास्त झालेल्या बाईला दिवस गेल्याची उदाहरणे वैद्यकात नवी नाहीत.

पण चाळिशीच्या आत चार महिने पाळी आली नाही आणि एफएसएच पंचवीसच्या वर गेला, तर ती बाब निराळी. बीजांडकोशाचे हे अकाली थकणे साधारण शंभरात एकीला होते, आणि तिला हाडांच्या व हृदयाच्या दृष्टीने उपचार हवा असतो. प्रसूतीत अतोनात रक्तस्राव होऊन नंतर दूध आले नाही आणि पाळीही परतली नाही, अशा बाईचा एफएसएच मात्र खाली असतो. तिची पोष ग्रंथीच रक्तावाचून जखमी झालेली असते. ऋतुनिवृत्तीनंतर आकडा तरुणपणाच्या दहा-पंधरा पटींनी चढून पंचवीसपासून सव्वाशेच्याही पुढे जातो, दोनेक वर्षांत शिखर गाठतो आणि वार्धक्यात सावकाश किंचित उतरतो. हा उंच एफएसएच स्वतःच हाडे झिजवतो काय, याविषयी मोनी झैदी आणि त्यांच्या न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांनी २००६ साली उंदरांवरील प्रयोगांतून वाद उभा केला, तो अद्याप मिटलेला नाही.

या साऱ्या आढाव्यात जेथे एफएसएचची चाचणी खरोखर निकडीची, तेथेच ती सर्वांत कमी होते. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांत तिशी-पस्तिशीतल्या पुष्कळ होत्या. मुकादमाची उचल फेडायची, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, अंगावरून जाते म्हणून दाखवायला जावे तर कर्करोगाची भीती घातलेली. या तिढ्यातून ती शस्त्रक्रिया झालेली असते. पिशवी गेली की पाळी जाते, पण बीजांडकोश शाबूत असतील तर संप्रेरकांचा व्यवहार चालू राहतो, फक्त तो इतरांपेक्षा थोडा लवकर थांबण्याचा संभव असतो, आणि तो केव्हा थांबला हे कळायला पाळीची खूण उरलेली नसते. बीजांडकोशही काढले असतील, तर काही आठवड्यांतच एफएसएच ऋतुनिवृत्त स्त्रीच्या आकड्यांवर जाऊन बसतो. आपले काय काढले आणि काय ठेवले हे जिला कुणी सांगितलेलेच नाही, तिच्याबाबतीत रक्ताची ही एक बाटली सोनोग्राफीच्या जोडीने बरेच काही सांगू शकते. पस्तिशीच्या बाईला साठ-सत्तरचा आकडा आला, तर दुसरी मनाई नसल्यास नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत तिला इस्ट्रोजेन देतात. गर्भाशय नसल्यामुळे सोबतची प्रोजेस्टेरॉनची गोळी सहसा लागत नाही, आणि औषधाची मात्रा एफएसएच किती उतरला यावरून न ठरवता तिच्या वाफा, झोप आणि हाडांची घनता पाहून ठरवतात.